पास ब्लॉक की रन ब्लॉक?

प्रश्न: अमेरिकन फुटबॉलमध्ये आमची ऑफेन्सिव्ह लाइन (चेंडू आपल्याकडे असताना समोरच्यांना अडवणारे पुढचे पाच जण) रन ब्लॉकिंग (चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी वाट काढणं) मस्त करते, पण पास आला की क्वार्टरबॅक (पास फेकणारा) आडवा होतो. सराव कशाचा वाढवायचा?

उत्तर: पासचा वाढवा, पण आधी एक गोष्ट बघा, तुमचे पाचही जण स्नॅपआधी (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याआधी) कसे बसतात ते. रन असला की जमिनीवरच्या हातावर एवढा भार टाकतात की बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि पास असला की वजन टाचांवर, हात नुसता टेकवलेला, मग समोरच्या डिफेन्सला काही ओळखायला उरतच नाही ना! दोन्हीसाठी स्टान्स (बसण्याची पद्धत) एकच ठेवा, ही सवय लागायला वेळ लागतो पण माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे.

रनमध्ये खाली राहून पुढे ढकलत न्यायचं असतं, पासमध्ये नेमकं उलटं, मागे सरकायचं, कंबर खाली, हात समोरच्याच्या छातीवर आतल्या बाजूने, आणि घाई अजिबात नाही. रनची सवय असलेला गडी पासलाही पुढे झेपावतो, तोल जातो आणि रशर (क्वार्टरबॅकवर धावून येणारा डिफेन्सचा खेळाडू) बाजूने निघून जातो, घाबरून त्याला बाहेरून पकडलं तर होल्डिंगचे (पकडून ठेवण्याच्या फाउलचे) १० यार्ड गेलेच. शिवाय एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) पास सुटायच्या आत लाइनमन स्नॅपच्या रेषेपासून १ यार्डाच्या पुढे गेला तरी पेनल्टी आहे.

रन मात्र सोडू नका हं, तो चालतो म्हणूनच प्ले ॲक्शनला (रनचं सोंग करून टाकलेल्या पासला) लाइनबॅकर (डिफेन्सच्या पुढच्या रांगेमागचे खेळाडू) फसतात. टॅकल्सना (लाइनच्या दोन टोकांच्या गड्यांना) पासचा सराव जास्त द्या, एज रशर (कडेने येणारे रशर) त्यांच्याच अंगावर येतात.