इंजिन थांबेल, पाकीट थांबणार नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी 60 वर्षांचा. सांगली जिल्ह्यातला. सहकारी साखर कारखान्याच्या शेती खात्यात 34 वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झालो. वडिलांची 1967 ची फियाट 1100 डिलाइट गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये 1998 पासून उभी आहे. इंजिन जाम आहे, हँडल मारलं तरी हलत नाही. तालुक्याचा मेकॅनिक 55 हजारांत 'रिंगा-बेअरिंगं टाकून चालू करून देतो' म्हणतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक कारागीर दीड लाखाच्या आसपास सांगतात, पण खोलून बघितल्याशिवाय पक्कं बोलत नाहीत. पुण्यात साडेचार लाख सांगितले. कुणाकडे द्यावं? एफडी मोडून दोन लाख काढावेत का? तयार गाडीला 12 ते 15 लाख येतात असं ऐकतो, म्हणजे गुंतवणूकच होईल. बाकी माझे 22 लाख बँकेत आहेत. त्यातले तीन लाख बँकेतल्या मॅडमनी गेल्या महिन्यात एका चांगल्या योजनेत टाकले. दहा वर्षं दरसाल तीन लाख भरायचे, 180 टक्के परत मिळतात. हप्ता एफडीच्या व्याजातून जाईल आणि पुढच्या वर्षी त्यावर कर्जही मिळेल, असं त्या म्हणाल्या. त्याचं पाकीट 6 तारखेला पोस्टाने आलं, अजून फोडलेलं नाही. घरखर्च महिना 24 हजार, पेन्शन 3,400, जमिनीचा खंड वर्षाला 60 हजार. कारखान्याकडून रजेच्या पगाराचे 1 लाख 70 हजार यायचे आहेत."

नमस्कार. तुमचं पत्र 15 तारखेला मिळालं. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला मेल केली, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मेलमध्ये एकच सांगितलं होतं: आधी पाकीट फोडा. इंजिनाचं नंतर बघू.

त्या पाकिटात आयुर्विमा पॉलिसी आहे. एफडी नाही, बँकेची योजना नाही. बँक तिथे फक्त विमा कंपनीची विक्रेती आहे आणि पहिल्या हप्त्यावर तिला घसघशीत कमिशन मिळतं. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत, कारण पटवून न देता, ती परत करता येते; याला 'फ्री लूक' मुदत म्हणतात. पूर्वी ही मुदत 15 दिवसांची होती, 2024 च्या नियमांनी ती सरसकट 30 दिवसांची केली. तुमचे पत्र मिळालं तेव्हाच नऊ दिवस गेले होते.

आता हिशेब. हे आकडे तुमच्याच पत्रातले आहेत. 19 लाखांच्या एफडीवर सात टक्क्यांनी वर्षाला 1 लाख 33 हजार व्याज येतं. हप्ता तीन लाखांचा. व्याजातून हप्ता जाईल हे वाक्य तुमच्यासमोर ज्यांनी उच्चारलं त्यांनी ही एक वजाबाकी केली नव्हती, किंवा केली होती आणि तरीही बोलल्या. दुसरी शक्यता जास्त वाईट आहे.

पुढे बघा. खर्चाला महिना 24 हजार. त्यातून पेन्शन आणि खंडाचे मिळून साधारण आठ हजार वजा केले तर 15-16 हजार रुपये बचतीतून काढावे लागतात. वर्षाचे झाले पावणेदोन ते दोन लाख. त्यावर तीन लाखांचा हप्ता. म्हणजे 22 लाखांतून दरसाल पाच लाख बाहेर पडणार आणि व्याज म्हणून लाख-सव्वा लाख आत येणार, तेही दरवर्षी कमी होत जाणार. पाच हप्ते कसेबसे भरले जातील. सहाव्या हप्त्याला खात्यात जेमतेम दीड-पावणेदोन लाख उरलेले असतील, तुम्ही 65 वर्षांचे असाल आणि ते वर्षभराच्या घरखर्चालाही पुरणार नाहीत. दहा हप्ते म्हणजे 30 लाख. तुमच्याकडे 22 आहेत. जी रक्कम माणसाकडे नाहीच, ती भरण्याची सही त्याच्याकडून कशी घेतली जाते, हे मला इतक्या वर्षांनंतरही कळत नाही, आणि दर वेळी तितकाच राग येतो.

180 टक्क्यांचंही पाहू. वर्णनावरून तीन लाख दहा वर्षं भरायचे आणि बाराव्या वर्षापासून दहा वर्षं दरसाल 5 लाख 40 हजार घ्यायचे, अशी ती पॉलिसी दिसते. म्हणजे तुमचा प्रत्येक तीन लाखांचा हप्ता 12 वर्षांनी 1.8 पट होऊन परत येतो. 12 वर्षांत 1.8 पट म्हणजे वर्षाला पाच टक्के. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आज 8.2 टक्के देते, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात येतं आणि तिथे 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. पॉलिसीचा पहिला चेक तुम्हाला 72 व्या वर्षी मिळणार. त्याआधीची 12 वर्षं घर कशावर चालवायचं?

कर्जाचं आश्वासनही पोकळ आहे. अशा पॉलिसीवर कर्ज मिळतं ते सरेंडर व्हॅल्यूच्या (पॉलिसी मध्येच मोडली तर हातात येणाऱ्या रकमेच्या) काही हिस्स्याइतकं, आणि एकाच हप्त्यानंतर ती व्हॅल्यू भरलेल्या पैशांच्या जवळपासही नसते. स्वतःच्याच तीन लाखांतले थोडे पैसे व्याजाने परत घ्यायचे, असा तो व्यवहार आहे.

तेव्हा करायचं ते असं. पाकिटाच्या आत तुमच्या अर्जाची झेरॉक्स असते, ती आधी वाचा. अशा अर्जांत उत्पन्नाच्या रकान्यात दहा-बारा लाख आणि मोबाइलच्या रकान्यात भलताच नंबर मी अनेकदा पाहिलाय, म्हणजे कंपनीचा खातरजमेचा फोन ग्राहकाला जातच नाही. मग विमा कंपनीच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिहा: पॉलिसी नंबर, कागद मिळाल्याची तारीख 6, फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम परत द्यावी. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा. पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट मात्र जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. अर्ज बँकेत नव्हे, विमा कंपनीच्या सांगली किंवा कोल्हापूरच्या शाखेत द्या, पोच घ्या, आणि तोच मजकूर कंपनीच्या मेलवर पाठवा. बँकेत 'मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या' असं सांगतील. सोमवारी जाऊ नका, हे सोमवार 30 दिवस संपेपर्यंत चालतात. बँकेत एवढंच करा: हप्ता आपोआप वळता होण्याची जी परवानगी तुमच्याकडून घेतली आहे, ती लेखी रद्द करा.

स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च वजा होऊन बाकी पैसे परत येतात. आले नाहीत तर विमा नियामक आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार आणि मग विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे.

पैसे परत आले की 22 लाखांपैकी 19-20 लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवा. व्याज वर्षाला 1 लाख 60 हजारांच्या आसपास होईल. उरलेले दोन-अडीच लाख अडीअडचणीला बँकेत असू देत. त्यांचं व्याज धरूनही घरखर्चाला वर्षाकाठी थोडे कमीच पडतात आणि महागाई त्यात धरलेली नाही. कारखान्याचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला असेल, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड तुमचं आणि काकूंचं दोघांचं याच महिन्यात काढून घ्या.

यावरून एफडी मोडून दोन लाख काढावेत का याचं उत्तर मिळतं. नाही. तुमच्याकडे एक लाख म्हणजे महिन्याला सुमारे 680 रुपये. इंजिनासाठी पैसा एकच आहे, कारखान्याकडून यायचे ते 1 लाख 70 हजार. ते हातात पडतील तेव्हा. कारखान्यांची थकबाकी कशी येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता गाडी. 12-15 लाखांची आशा सोडा. डिलाइट आणि नंतरच्या पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून इतक्या निघाल्या की त्या दुर्मीळ नाहीत. शिवाय इंजिन हा खर्चाचा एक भाग. 1998 पासून उभ्या गाडीचे ब्रेक सिलिंडर, वायरिंग, टायर, पेट्रोलची टाकी, खालचा सडलेला पत्रा हे सगळं अजून यायचंय. आणि 'विकायची तर नाहीच' असं तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय. मग भाव कशाला मोजायचा? (विकलीच तरी कर लागू शकतो: 1931 च्या एका फोर्ड टूररच्या विक्रीत, गाडी खरोखर घरच्या वापरात होती हे दाखवता आलं नाही म्हणून नफा करपात्र, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये दिला.) ती वडिलांची गाडी म्हणून करा. ते कारण पुरेसं आहे, मला ते पटतं.

कुणाकडे द्यायची? तुमच्या तीन लोकांपैकी एकानेच 'खोलून बघितल्याशिवाय सांगत नाही' म्हटलं. माझं मत त्यांच्या बाजूने आहे. माझ्या वडिलांच्या पद्मिनीचं इंजिन आम्ही एका गॅरेजला असंच ठोक रकमेत दिलं होतं. त्यांनी क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) न मोजता नवी बेअरिंगं घातली. हजार किलोमीटरच्या आत तेलाचा दाब बसला आणि घाटात आवाज सुरू झाला. पुन्हा सगळं खोललं, तेव्हा एक जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, अंडाकृती झालेलं निघालं. पहिल्या कामाचे पैसे पूर्ण वाया गेले.

गॅरेज इंजिन उतरवतं आणि बांधतं. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट हे मशीन शॉपचं काम, आणि इंजिन किती वर्षं चालणार ते तिथे ठरतं. उद्यमनगरात तेलइंजिनं आणि ओतकामाच्या धंद्यामुळे हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त एवढं विचारा: चारही सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून मापं कागदावर देणार का? या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75. त्यापासून किती झिजलंय त्यावर रिबोअर (सिलिंडर कापून मोठं करणं) की स्लीव्ह (आत नवी नळी बसवणं) हे ठरतं. क्रँकचं प्रत्येक जर्नल मोजून दहा, वीस की तीस थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बेअरिंगं लागतील ते सांगणार का? ब्लॉकला आणि क्रँकला भेग आहे का, हे तपासणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला हात लावणार नाही, असं ते म्हणतात का? चांगला कारागीर पिस्टन मोजून मग त्याच्या मापाचा बोअर करतो. आधी बोअर करून मागून पिस्टन शोधणाऱ्याकडून ब्लॉक उचलून घरी आणा.

शक्य असेल तर त्यांच्या शॉपमध्ये एक सकाळ नुसते उभे राहा. मायक्रोमीटर डबीत ठेवतात की बाकावर पडलेला असतो, धुतलेला क्रँक उभा ठेवतात की जमिनीवर आडवा, दुसऱ्याच्या सुट्या भागांना चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

पैसे टप्प्याने द्या. सध्या फक्त उतरवणं, खोलणं आणि मोजणं, दहा हजारांपर्यंत. हे दहा हजार आताच्या बचतीतून गेले तरी मी हरकत घेणार नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट यांची बिलं थेट तुमच्या नावाने. मशीनिंगचे पैसे मापं बघून, बांधणीचे इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊन तेलाचा दाब दिसल्यावर. ब्लॉक देण्याआधी त्यावर ठोकलेल्या इंजिन नंबरचा फोटो काढा. ब्लॉक बदलला गेला तर आरसीवरचा नंबर जुळणार नाही. पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं आहे, तेव्हा पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या ते सोसतील अशाच घ्यायला सांगा. तोवर कुणाला गाडी ओढून गिअरमध्ये टाकू देऊ नका, जाम इंजिनात पिस्टन किंवा रॉड मोडतो.

आणि आरसी. ती अजून वडिलांच्या नावावर असणार. वारस म्हणून नावावर करून घेणं आणि नोंदणीचं नूतनीकरण याची चौकशी सांगलीच्या आरटीओत आधी करा. 50 वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाडीला व्हिंटेज नोंदणीही मिळते, 20 हजार रुपये, दहा वर्षांसाठी. पण ती गाडी मग प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. काकूंना घेऊन नरसोबाच्या वाडीला जायचं तुम्ही लिहिलंय. ते व्हिंटेज नंबरवर बसत नाही, साध्या नूतनीकरणाची वाट धरा.

विमा कंपनीची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. बोअरच्या मापांचा कागद आला की तोही पाठवा. कोल्हापुरातल्या माझ्या ओळखीच्या एका निवृत्त टर्नरना तो दाखवून घेतो.