पोरं मला तोंडावर खादाड म्हणतात हो!

परदेशात काम करणाऱ्यांची एक तक्रार माझ्याकडे कायम येते, हाताखालची पोरं मोकळी होत नाहीत, जीव लावायचा तरी कसा. मागे असेच एक काका आले होते (परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय), पन्नाशीचे, सेनेगलमधे थिएसला, म्हणजे डाकारपासून साधारण ७० किलोमीटरवर, पंपदुरुस्ती शिकवायला गेलेले. हाताखाली विशीतली आठ पोरं. "मॅडम, कसा आहेस विचारलं की मांगी फी रेक, बास. आणि वर त्यातला एक रोज सगळ्यांसमोर मला खादाड म्हणतो."

मांगी फी रेक म्हणजे वोलोफमधे 'आहे इथेच', आपलं 'चाललंय' तसंच. आता जाता जाता कुणी 'काय, कसं काय' विचारलं तर आपण तरी कुठे मनातलं सांगतो?

पण तेव्हा हे काही माझ्या डोक्यात आलं नाही, मी आपला पुस्तकी सल्ला दिला की एकेकाला वीस मिनिटं केबिनमधे बोलवा आणि नुसतं ऐका. दोन आठवड्यांनी काकांचा कॉल, पोरं हेडमास्तरांसमोर उभं केल्यासारखी गप्प, एकाने तर विचारलं, मला काढताय का. चूक माझीच होती.

मग ते खादाड प्रकरण जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं की गेल्या गेल्या पोरांनी काकांना तिथलं एक आडनाव दिलं होतं, जोप, आणि चिडवणारा होता न्जाय. तिकडे न्जाय आणि जोप यांचं थट्टेचं नातं असतं, पार पूर्वापारचं, एकमेकांना भात ओरपणारा म्हणायचं, तू माझा गुलाम म्हणायचं, आणि समोरच्याने चिडायचं नाही, उलट सवाई परत द्यायची. आपल्याकडे मेव्हण्याची काढतात ना तसंच. म्हणजे पोराने यांना घरात घेतलं होतं आणि हे फुगून बसलेले!

दुसरं म्हणजे जेवण. दुपारी सगळी पोरं एका मोठ्या परातीभोवती बसून चेबुजेन, म्हणजे मासे-भात खाणार आणि काका पक्के शाकाहारी, डबा घेऊन केबिनमधे. ते सोडा असं मी म्हणणार नव्हते. पण नंतर चहा असतो, अत्ताया. शेगडीत कोळसे, छोटीशी किटली, कडक ग्रीन टी, भरपूर साखर, पुदिना, आणि फेस यावा म्हणून या ग्लासातून त्या ग्लासात उंचावरून ओतत बसायचं. बहुतेक वेळा हे काम वयाने लहान असेल त्याच्याकडे. तीन फेऱ्या, पहिली कडू, पुढे गोड होत जाते, तास-दोन तास आरामात. मी एवढंच सांगितलं, तिसरा ग्लास होईपर्यंत उठू नका आणि प्रश्न विचारू नका. आणि न्जायला उत्तर द्या.

दिलं त्यांनी. "न्जायच्या घरी भात उरत असेल तर मला डब्यात द्या." मोडक्या फ्रेंचमधे. पोरं लोळली हसून.

पुढे दीड महिन्यांनी तोच न्जाय ग्लासात चहा ओतता ओतता, वर न बघता म्हणाला, माझा एक मित्र होडीने कॅनरी बेटांवर (म्हणजे स्पेनच्या हद्दीत) जायचं म्हणतोय. मित्र कोण ते काकांना कळलंच. तिथल्या पोरांत जुनी घोषणाच आहे, बार्सा वाला बार्साख, बार्सिलोना नाहीतर परलोक. २००६ मधे त्या समुद्रमार्गाने ३१ हजारांवर माणसं बेटांवर पोचली, २०२४ मधे जवळपास ४७ हजार, आणि न पोचलेल्यांचा धड हिशोबही नाही. काकांच्या तोंडावर भाषण आलं होतं, त्यांनी गिळलं. फक्त विचारलं, मित्राच्या आईला माहितीय का? पोरगं बराच वेळ निखारे ढोसत बसलं. मग म्हणालं, तिनेच बांगड्या विकल्यात.

यावर काय बोलायचं ते मलाही सुचलं नव्हतं. काका नुसते बसून राहिले, तिसरा ग्लास घेतला. न्जाय अजून कामावर येतो, होडीचा विषय अधूनमधून निघतो. परवा काकांनी स्वतः अत्ताया केला, फेस काही आला नाही, आणि न्जाय म्हणे सगळ्यांना सांगत सुटलाय की जोप लोकांना फक्त खाता येतं.