मॅपच बघत होतो, तरी चलान कसं काय?

प्रश्न: मी नाशिकला असतो, कामानिमित्त दिवसभर बाईकवरच. मागच्या आठवड्यात सिग्नलला थांबलेलो, फोन हातात घेऊन मॅपवर पत्ता बघत होतो, कुणाशी बोलत नव्हतो की टाइप करत नव्हतो, तरी मोबाईल वापरल्याचं ई-चलान आलं! मॅप बघायला तर परवानगी आहे ना? आणि मित्र म्हणतात की फोन हेल्मेटमध्ये खोचला तर कुणी काही करू शकत नाही, ते खरंय का?

उत्तर: परवानगी आहे दादा, पण सगळे ती अर्धीच वाचतात. ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्राच्या नियमानुसार गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघायला वापरता येतो, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. आता एका हातात फोन आणि एका हातात हँडल, अशात लक्ष रस्त्यावरच होतं हे तुम्ही कुणाला पटवणार? बरं, लाल सिग्नलला सूट आहे असं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक गाडी चालवण्याच्या कलमात, कुठेच लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये तर सिग्नलला थांबून फोन हातात घेतला तरी २०० पाउंड दंड आणि लायसन्सवर सहा दंडाचे पॉइंट. आपल्याकडे पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही, तीन वर्षांत परत सापडलात तर दंड थेट १०,०००, कैदही दोन वर्षांपर्यंत होऊ शकते, शिवाय लायसन्स सस्पेंड होऊ शकतं ते वेगळंच.

हेल्मेटवाली आयडिया म्हणजे निव्वळ पळवाट. कलमात 'हातात धरलेला' फोन आहे हे खरं, पण त्याच कलमात निष्काळजीपणे गाडी चालवणंही बसतं. आणि तो फोन घामानं घसरायला लागला की हँडल सोडून हात आपोआप वर जातोच, रोज दिसतं हे. साठच्या स्पीडला तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते हो!

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर चलानचा फोटो बघा, गाडी नंबर चुकला असेल तर तिथेच तक्रार टाका, पण फोन हातात स्पष्ट दिसत असेल तर गुपचूप भरून टाका. आणि हँडलला होल्डर लावून घ्या, पण स्क्रूवाला घ्या, क्लिपवाले आपल्या खड्ड्यांत फोनसकट उडतात.