विमा काढणं, पैसे साठवणं म्हणजे देवावर अविश्वास आहे का?

तुमच्या प्रार्थना गटातल्यांनी बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं (मत्तय ६) ‘उद्याची चिंता करू नका’ दाखवून तुम्हाला विमा बंद करायला सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. बंद करू नका. उत्तर खरं तर एवढंच. पण हेच वचन माझ्या तोंडावर इतक्यांदा फेकलं गेलंय की दोन ओळींत गप्प बसणं मला जमणार नाही.

मी काही वर्षं आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होतो. माझ्याआधी ते काम एक ज्येष्ठ सभासद बघायचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही. प्रार्थनेला उभे राहिले की लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. हिशेबाचं नाव काढलं की मात्र ठरलेलं उत्तर : ‘देव बघतोय ना? मग वही कशाला?’

मंडळीतला एक कर्ता माणूस अचानक गेला. मागे बायको आणि शाळेत जाणारी मुलं. भाऊंनी मुलांच्या शिक्षणासाठी वेगळं अर्पण गोळा करायला सुरुवात केली आणि लोकांनीही हात सैल सोडला. पावती नाही, नोंद नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, वाचलं नाहीस का?’ अहो भाऊ, ते देणाऱ्याला सांगितलंय, गोळा करणाऱ्याला नाही! हे मी तेव्हाही तोंडावर बोललो होतो आणि कमिटीत वाईट ठरलो होतो.

पुढे काम माझ्याकडे आलं तेव्हा हातात एक पत्र्याचा डबा पडला. आत पाकिटांचे गठ्ठे. रबरबँड वितळून कागदाला चिकटलेले. काही पाकिटांवर पेन्सिलीने ‘मुलांसाठी’, काहींवर ‘इमारत फंड’, बऱ्याचशांवर काहीच नाही, आणि बहुतेक रिकामी. मंडळीचं वीजबिल थकलं की त्याच डब्यातून भरलेलं. ‘देव भरून देईल’ म्हणून. भाऊंनी स्वतःच्या घरी एक पैसाही नेला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण झालं काय, तर मंडळीत सगळ्यांना वाटत होतं की त्या बाईंना भरपूर मिळालंय. त्यांना मिळालं होतं अगदी थोडं, तेही तुकड्यातुकड्याने. मुलांच्या फीसाठी त्यांनी पुन्हा शब्द टाकला तेव्हा कोणीतरी बोललं, ‘इतकं दिलं ते कुठे गेलं?’ त्यानंतर त्या उपासनेला येईनाशा झाल्या. त्यांची बाजू मांडायला माझ्या हातात एक कागद नव्हता. भाऊंचा विश्वास मोठा, आणि त्याची किंमत चुकवली एका विधवेने!

म्हणून ‘हिशेब ठेवणं म्हणजे अविश्वास’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बायबलमधली कितीतरी पत्रं लिहिणारा प्रेषित पौल, त्याच्यापेक्षा जास्त विश्वासाचा माणूस दाखवा मला. यरुशलेममधल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा त्याने ती एकट्याने नेण्याचा आग्रह धरला नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला, आणि कारणही स्पष्ट लिहिलं : या दानाबाबत कोणी आम्हाला दोष लावू नये, प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही (२ करिंथ ८). इंग्लंडमधला प्रार्थनेसाठी प्रसिद्ध असलेला जॉर्ज म्युलर, त्याचं उदाहरण तर हीच माणसं देतात. १८३६ मध्ये ब्रिस्टलला अनाथगृह सुरू केलं, कोणापुढे हात पसरला नाही, फक्त प्रार्थना केली. खरंय. पण तोच म्युलर आलेल्या दानांची नोंद ठेवायचा, अहवाल छापायचा आणि कर्ज काढायचा नाही, हे कोणी सांगत नाही. पैसा आपला असता तर बेहिशेबी चालला असता. तो धन्याचा आहे, म्हणून वही लागते.

आता तुमचा विमा. ज्या मत्तयात सहावा अध्याय आहे त्यातच पंचविसावाही आहे. त्यातल्या दाखल्यात प्रवासाला निघालेला धनी आपले तलांत (पैशाचं जुनं मोठं माप) तीन दासांकडे सोपवतो. एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. म्हणजे तिसऱ्या दासाकडेही धन्याने अर्ध्या आयुष्याची कमाई सोपवली होती. ती त्याने पुरली. का? ‘मला भीती वाटली’ म्हणून. धनी काय म्हणतो? निदान सावकाराकडे ठेवायचे होतेस, व्याजासकट मिळाले असते. दोन्ही अध्यायांत धरलंय ते भीतीलाच, नियोजनाला नाही. तुम्ही हप्ता भरून निवांत झोपत असाल तर ती चिंता कुठली?

रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणाऱ्या अन्नाचा, म्हणजे मान्न्याचा, दाखला गटातले देतीलच, की उरवलं आणि किडे पडले. त्यांना तोच अध्याय (निर्गम १६) पुढे वाचायला सांगा. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवायची आज्ञाच होती, आणि ते नासलं नाही. साठवण तीच, फक्त एकदा देवाचं ऐकून केलेली आणि एकदा न ऐकता. मिसरात दुष्काळ येणार हे ओळखून योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला, त्याला अविश्वासी म्हणायची कोणाची छाती आहे? आणि आपल्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे, हे १ तीमथ्य ५:८ मध्ये आहे. त्यावर प्रवचन क्वचितच होतं.

दुसरी बाजूही आहे, तीही सांगतो. लूक १२ मधला तो कोठारं मोडून मोठी बांधणारा श्रीमंतही नियोजनच करत होता. त्याच्या बोलण्यात ‘माझं’ सोडून काही नाही. तेव्हा हप्त्यांमुळे अर्पण आणि कोणाची नड भागवणं बंद पडलं असेल, तर गटातल्या लोकांचं थोडं ऐका. डोक्यावर जड व्याजाचं कर्ज असेल तर आधी ते फेडा. ज्याचं हातावर पोट आहे त्याला ‘बचत का करत नाहीस’ म्हणून टोचू नका, हे सगळं त्याच्यासाठी नाही. विमा कुठला, किती, हे मला विचारू नका, ते जाणकाराला विचारा.

आणि गटात दर आठवड्याला जे अर्पण जमतं, त्याची वही कोणाकडे असते, हे एकदा सगळ्यांसमोर विचारा. काय उत्तर येतं ते मला जरूर कळवा.