बार्बाडोस की त्रिनिदाद? आधी बाबांच्या डॉक्टरांना विचारा

प्रश्न: भारताचा वेस्ट इंडीजचा पुढचा दौरा जाहीर झाला की आई-बाबांना तिथे कसोटी दाखवायला न्यायचं मनात आहे. बाबा ७४ वर्षांचे. १९७१चा गावसकर म्हणजे त्यांचं दैवत, त्यामुळे त्यांना त्रिनिदादच हवं. मला बार्बाडोस हवं, कारण २०२४चा वर्ल्ड कप आपण तिथे जिंकलो. एकाच फेरीत दोन्ही बेटं करावीत का? व्हिसाचं काय? आणि आई अंडंसुद्धा खात नाही.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर: ताई, २ नोव्हेंबर २०२५ला हरमनप्रीतच्या संघाने तुमच्या नेरुळातच, डी. वाय. पाटीलवर, विश्वचषक उचलला. तरी तुम्हाला अर्धी पृथ्वी ओलांडून क्रिकेट बघायचंय. बघा की! ठाण्यात गोखले रोडवर विमानाची तिकिटं काढून देण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस तुम्हाला ‘जाऊ नका’ कशाला म्हणेल?

पण तिकिटाच्या आधी बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. त्रिनिदाद पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या यादीत आहे. लसीचा दाखला नसताना तिथून थेट भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस अधिकृत सरकारी केंद्रावरच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. आणि ती जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळे साठीपुढच्या माणसाला डॉक्टर विचार करूनच देतात. गयानाचंही असंच. बार्बाडोस त्या यादीत नाही. डॉक्टर ‘नको’ म्हणाले की तुमच्या घरातला वाद तिथेच मिटला.

‘हो’ म्हणाले तर मात्र मी बाबांच्या बाजूचा. पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल! गावसकरांनी पदार्पणात तिथे ६५ आणि नाबाद ६७ केले, सरदेसाईंनी ११२ ठोकले, आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. त्याच दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत, त्याच मैदानावर, गावसकरांचे १२४ आणि २२०. पुढे १९७६ला तिथेच चौथ्या डावात ४ बाद ४०६ करून आपण जिंकलो. बार्बाडोसला आपण आजवर एकही कसोटी जिंकलेली नाही. १९९७ला १२० हवे होते, ८१वर गारद झालो. तुमच्या २०२४च्या आनंदात मिठाचा खडा टाकायचा नाही मला, पण कसोटीचा विषय निघाला म्हणून सांगितलं. फक्त सामना क्वीन्स पार्कवरच आहे ना, ते बघून घ्या. त्रिनिदादमध्ये दक्षिणेला तारूबाला ब्रायन लाराच्या नावाचं दुसरं स्टेडियम आहे. बाबांना तिथे नेऊन बसवलंत तर घरी आल्यावर ऐकून घ्यावं लागेल.

दोन्ही बेटं एका फेरीत? नको. वेस्ट इंडीज हा एक देश नाही. बेट बदललं की इमिग्रेशन बदलतं, चलन बदलतं. मधली विमानं छोटी, फेऱ्या मोजक्या. ७४व्या वर्षी माणसाने पाच दिवस कसोटी बघून दमावं, सामान ओढून नव्हे. एक बेट धरा आणि सामन्यानंतर चार दिवस तिथेच समुद्रावर काढा.

व्हिसाची खरी मेख वाटेत आहे. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही; त्रिनिदादसाठी त्यांच्या दिल्लीतल्या उच्चायोगाकडून ताजा नियम मागवून घ्या. पण जाणार कुठून? न्यूयॉर्क किंवा मायामीला नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा हवा. लंडनला विमानतळाबाहेर पडला नाहीत तरी साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो. हीथ्रोला उतरून लंडनच्याच दुसऱ्या, गॅटविक विमानतळाहून पुढचं विमान असेल तर वेगळा व्हिसा. स्वस्त तिकिटात नेमकी हीच जोडी गळ्यात मारतात, तेव्हा डोळ्यांत तेल घालून बघा.

जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. २०२४ची फायनल २९ जूनला झाली, मग बेरिल वादळाने विमानतळ बंद पाडला आणि जगज्जेते हॉटेलात अडकले. ४ जुलैला सकाळी दिल्लीत उतरले आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर. त्यांच्यासाठी खास विमान गेलं, आपल्यासाठी कोण पाठवणार? विमा काढा, हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

आईंची काळजी त्रिनिदादमध्ये सोडा. रस्त्यावर ‘डबल्स’ मिळतात: दोन मऊ ‘बारा’, म्हणजे छोट्या तळलेल्या रोट्यांमध्ये छोले. ‘साहिना’ तर आपल्या अळूवडीची सख्खी बहीण, अळूचीच पानं आणि डाळीचं पीठ. तिखट सॉस ‘स्लाइट’ घाला म्हणायचं, नाहीतर कोल्हापूर विसराल. बार्बाडोसला बटाटा-छोल्यांची रोटी मिळते, पण मॅकरोनी पायमध्ये बऱ्याचदा अंडं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. ठेपले बरोबर असू द्याच.

आणि बॅग भरताना मिलिटरी छापाची टोपी, बर्म्युडा, पाठपिशवी काही नको. दोन्ही बेटांवर सामान्य माणसाला ते वापरायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा.