तलवार लागत कशी नाही? – जुन्या गेमच्या नव्या खेळाडूंचे प्रश्न

गेल्या अंकात मॉरोविंडबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, मेलबॉक्स भरून गेला राव. त्यातलं निम्मं म्हणजे तक्रारी. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी, मॉरोविंड हा बेथेस्डाचा 2002 चा गेम, त्याच मालिकेत नंतर आलेल्या स्कायरिमचा थोरला भाऊ म्हणा. कैद्यांच्या जहाजातून तुम्हाला सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या गावात उतरवतात, कस्टमवाले नाव-गाव-जात लिहून घेतात, बालमोरा शहरातल्या केयस नावाच्या माणसाला द्यायचं एक पाकीट हातात देतात आणि जा म्हणतात. पुढे काय करायचं ते बोट धरून कोणी सांगत नाही. म्हणून हे प्रश्न.

प्रश्न : स्कायरिम दोनदा संपवलाय. इथे साध्या खेकड्यावर दहा वार केले, सुरी आरपार जाताना दिसते पण लागत नाही, आणि उलट खेकड्यानेच मला मारलं. गेम बिघडलाय का? – एक वाचक, सांगली

बिघडलेला नाही हो, आणि हा प्रश्न एकट्या तुमचा पण नाही, या महिन्यात हाच प्रश्न सगळ्यात जास्त आलाय. गंमत अशी आहे की तुम्ही माऊस दाबता तेव्हा तलवार फिरते ती फक्त दिसायला, वार लागला की नाही ते आत फासे टाकून ठरतं. त्या फाशांचा हिशोब बघा. हत्याराचं स्किल घ्या, त्यात अजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा भाग आणि लकचा (नशिबाचा) दहावा भाग मिळवा, आणि मग तुमची दमणूक किती झालीय त्यावरून त्याला गुणायचं. दम पूर्ण असेल तर सव्वाने, पार संपला असेल तर पाऊणने.

तुम्ही लिहिलंय की रेडगार्ड जातीचा माणूस घेतला आणि लाँग ब्लेड मुख्य स्किल ठेवलं, लढाईचं स्पेशलायझेशन पण घेतलं. म्हणजे लाँग ब्लेड सरळ 50, छानच की. पण हातात काय, तर कस्टमच्या ऑफिसातून उचललेली सुरी! सुरीचं स्किल वेगळं, शॉर्ट ब्लेड, आणि ते तुमचं आहे फक्त 10. अजिलिटी 40, लक 40 धरलं तर दम पूर्ण असतानासुद्धा सत्तावीस टक्के, म्हणजे जेमतेम चारातला एक वार. त्यात तुम्ही किनाऱ्यापर्यंत धावत, उड्या मारत गेलात, दमाची हिरवी पट्टी शून्यावर आली, म्हणजे सहातला एक. समोरच्याची चुकवायची ताकद यातून अजून वजा होते ती वेगळीच. आता तोच माणूस, हातात लांब तलवार आणि हिरवी पट्टी भरलेली, सत्त्याहत्तर टक्के. खेकडा तोच, गाव तेच.

तर कॅरेक्टर बनवताना जे हत्याराचं स्किल मुख्य म्हणून निवडाल तेच हत्यार हातात धरा, नसेल तर समोरच अरिलचं दुकान आहे तिथे जाऊन विकत घ्या. आणि खालच्या हिरव्या पट्टीवर लक्ष ठेवा. जिवाची लाल पट्टी सगळेच बघतात, हिरवीकडे कोणी बघत नाही आणि पहिले तीन तास सगळा घोळ तिथेच असतो. भांडणाच्या आधी दोन मिनिटं उभे राहा, चालत जा, धावू नका. ऑप्शनमध्ये डिफिकल्टीची एक पट्टी आहे, ती पार खाली ओढली तरी लाज नाही, पण त्याने फक्त मार कमी-जास्त होतो, फासे तेच राहतात, म्हणून सुरी काय लागायची नाही.

प्रश्न : माझं इंग्रजी बेताचं आहे. या गेममध्ये आवाज कमी आणि वाचायलाच फार. जमेल का? – एक विद्यार्थी, लातूर

जमेल मित्रा, पण पहिला आठवडा डोकं दुखेल हे आधीच सांगून ठेवतो. इथे माणसं बोलत नाहीत, परिच्छेद फेकतात. पण नीट बघितलंस तर त्या मजकुरात काही शब्द निळे असतात, त्यावर क्लिक केलं की पुढचं कळतं, आणि गावातल्या दहा माणसांना तोच निळा शब्द विचारला तर त्यातले आठजण अक्षरशः तेच वाक्य म्हणतात. म्हणजे एकदा वाचलं की झालं, नवव्याकडून काहीतरी वेगळं आलं की तेवढं वाच. मी तर शेजारी वही ठेवायचो, गावाचं नाव, माणसाचं नाव, डावीकडे की उजवीकडे, बास. गेमची स्वतःची डायरी पण असते पण ती तारखेप्रमाणे चालते, चार कामं घेतली की सगळी एकमेकांत मिसळतात, आणि मग आपण त्या रेशनच्या रांगेत फॉर्म शोधणाऱ्या माणसासारखे पानं उलटत बसतो.

आणि पाकीट द्यायची घाई करू नकोस. आधी सेडा नीनमध्येच राहा एक रात्र. अरिलच्या माडीवर ह्रिस्कर नावाचा एक आडदांड माणूस बसलेला असतो, तो सांगतो की फारगॉथ नावाचा तो बुटका एल्फ पैसे कुठे लपवतो ते रात्री दीपस्तंभावरून बघून ये. तू वर अंधारात उभा राहतोस, पाऊस पडत असतो, खाली तो बिचारा इकडे तिकडे बघत बघत पाण्यात उतरतो आणि एका ओंडक्याच्या ढोलीत काहीतरी कोंबतो. एवढंच. ना बाण, ना चकाकणारा ठिपका, तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणून तुला कळलं. हे आवडलं तर तू हा गेम संपवशील.

प्रश्न : बालमोरातल्या केयसने हॅसफॅटकडे पाठवलं, त्याला कोडं असलेली पेटी हवीय. दोन तास झाले, ती जिथे आहे त्या आर्कंगथँड नावाच्या जुन्या अवशेषाचा दरवाजाच सापडत नाही. सरळ नेटवर बघू का? – एक वाचक, ठाणे

बघा हो, पोलीस नाही येत. पण त्याआधी एकदा माझं ऐका. हॅसफॅटने रस्ता सांगितला होता, तो तुम्ही वाचला की स्किप केला? बालमोराच्या दक्षिणेकडून बाहेर, पूल ओलांडून मूनमॉथ किल्ल्याकडे, तिथून पुढे त्या कोरड्या लाव्हाच्या दरीवरचा जुना ड्वेमर (नाहीशा झालेल्या एका जमातीचा) पूल. आणि दरवाजा दिसत नाही कारण तो दरवाजासारखा दिसतच नाही, भला मोठा खडक आहे, जवळच एका पाईपवर चाक आहे ते फिरवायचं. मी पहिल्या वेळेला त्या पाईपला टेकून उभा राहिलो होतो, खरंच सांगतो, टेकून, आणि मग डोंगर चढून पलीकडे गेलो आणि तिथल्या क्लिफ रेसर नावाच्या उडत्या पिडांनी फाडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी रूममेटने चाक दाखवलं तेव्हा मी गेमलाच शिव्या दिल्या.

आत गेल्यावर अजून एक. पेटी म्हणजे पेटी समजू नका, मुठीएवढा धातूचा ठोकळा आहे, शेल्फवर पडलेला असतो. फार खोल जायची गरज नाही, खूप लोक शेवटपर्यंत जाऊन मार खाऊन रिकाम्या हाताने येतात. माझं मत विचाराल तर नेटवर बघायचं असेल तर फक्त एवढंच बघा, पूर्ण वॉकथ्रू, म्हणजे पायरी-पायरीने सगळी उत्तरं, उघडून शेजारी ठेवला की मग खेळायला काय उरलं, टायपिंगच ते.

प्रश्न : कुठेही झोपलो की काळे कपडे घातलेला मारेकरी येतो आणि मारून टाकतो. मी कोणाचं काय वाकडं केलंय? – एक वाचक, नागपूर

काही नाही केलंत, तुमच्याकडे ट्रायब्युनल हे एक्स्पान्शन, म्हणजे गेमला नंतर जोडलेला भाग, आहे. आता विकत मिळतो तो गेम दोन्ही एक्स्पान्शनसकटच मिळतो, आणि हे मारेकरी लेव्हल एकपासूनच मागे लागतात, कोणी ठरवलं असं देव जाणे. झोपायच्या आधी सेव्ह करा. आणि एखादा कसाबसा मारलात तर त्याचं चिलखत सोडू नका, त्या वेळेला तुमच्या अंगावरच्या सगळ्या सामानापेक्षा ते महाग असतं. काल्डेरा गावात घोराक मॅनर म्हणून एक घर आहे, तिथे क्रीपर नावाचं छोटं भूत राहतं, ते पूर्ण भावाने माल घेतं आणि त्याच्याकडे 5000 सोन्याची नाणी असतात. बाकी दुकानदार घासाघीस करून रडवतात.

प्रश्न : लेव्हल वाढवताना दरवेळी तीन गुण (ताकद, चपळाई वगैरे) पाच-पाचने वाढले पाहिजेत म्हणे. मी एक्सेल शीट बनवलीय. बरोबर आहे का? – पुणे

शीट बरोबर असेल. बंद करा. ऑफिसात कमी शीट आहेत का?

प्रश्न : कुठली आवृत्ती घेऊ, आणि ग्राफिक्सचे मॉड (खेळाडूंनीच बनवलेले बदल) टाकू का? – कोल्हापूर

मूळ गेम विकत घ्या आणि ओपनएमडब्ल्यू नावाचं फुकट इंजिन आहे त्यातून चालवा, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं, गेमच्या मूळ फायली मात्र लागतात. मॉड नंतर. आधी ते टोकदार चेहरे आणि धुकं सहन करा थोडं.

प्रश्न : गेम आवडतोय पण माझी कॅरेक्टर इतकी सावकाश चालते की डोंबिवली स्टेशनचा जिना आठवतो. काही उपाय? – एक वाचक, डब्लिन

ताई, उपाय आहेत, एक शहाणा आणि दोन वेडे. शहाणा म्हणजे एस.टी.सारखी व्यवस्था आहे ती वापरा. सेडा नीनच्या बाहेर तो प्रचंड किडा उभा असतो ना, सिल्ट स्ट्रायडर, तो बालमोरा, ग्निसिस, सुरान, व्हिवेकला जातो. किनाऱ्याच्या गावांना बोटी आहेत, मेजेस गिल्डमध्ये, म्हणजे जादूगारांच्या संघात, पैसे दिले की दुसऱ्या शहरातल्या गिल्डमध्ये क्षणात पोचवतात. पण थेट सगळीकडे काही जात नाही, बदलून बदलून जावं लागतं. दादरला उतरून गाडी बदलायची सवय असेलच तुम्हाला.

पहिला वेडा उपाय सेडा नीनहून बालमोराकडे चालत निघालात की आपोआप समोर येतो, म्हणजे वरून पडतो. एक जादूगार ओरडत आकाशातून खाली येतो आणि मरतो. त्याच्या खिशात तीन कागद असतात, वाचला की सात सेकंद उडी मारायचं कसब हजाराने वाढतं, अर्धं बेट ओलांडता येतं. तो का मेला हे मी अजिबात विचार न करता लगेच एक वाचला. उडी झकास झाली, खाली येईपर्यंत सात सेकंद संपले होते. दुसरा कागद जमिनीवर आदळायच्या आधी हवेतच वाचायचा असतो.

दुसरा उपाय, काल्डेराच्या पुढे वाटेवर पेमिनी नावाची बाई भेटेल, तिला नार मॉकला सुखरूप पोचवा, बक्षीस म्हणून बूट देते. घातले की वेग 200 ने वाढतो आणि डोळ्यापुढे पूर्ण अंधार होतो. खरंच, काही दिसत नाही, फक्त कोपऱ्यातला नकाशा दिसतो. ब्रेटन जातीची कॅरेक्टर घेतली असेल तर जादूचा निम्मा परिणाम तिच्यावर होत नाही, म्हणून थोडं अंधुक तरी दिसतं. मी बूट घालून, नकाशाकडे बघत, धडका खात, बेटभर हिंडलोय, दोनदा समुद्रात गेलो आणि एकदा पाय थांबले तेव्हा काढून बघितलं तर एका गार्डच्या पोटाला नाक लावून उभा होतो.