जीएडी-७ मध्ये फक्त ४ गुण, तरी पोटाची इतकी धास्ती का?

तुम्ही लिहिलंय की कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) स्वच्छ आली, आयबीएसचं, म्हणजे आतड्यात इजा न दिसताही पोट दुखत-बिघडत राहण्याच्या विकाराचं, निदान झालं, जीएडी-७ या चिंता मोजणाऱ्या प्रश्नावलीत २१ पैकी ४ च गुण मिळाले, पण पोटात जरा गुडगुडलं की घाम फुटतो. मग हे मनाचे खेळ आहेत का, असं विचारलंय. नाहीत. जीएडी-७ गेल्या दोन आठवड्यांतली एकूण चिंता विचारतं. त्याच्या सात प्रश्नांत पोटाचा उल्लेखच नाही. तुम्ही एरवी शांत असाल तर गुण कमीच येणार.

पोटाच्या लक्षणांभोवती फिरणाऱ्या भीतीसाठी वेगळी मोजपट्टी आहे: व्हिसरल सेन्सिटिव्हिटी इंडेक्स, म्हणजे व्हीएसआय. २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ती मांडली. १५ विधानं असतात. प्रत्येकाशी किती सहमत आहात ते सहा पायऱ्यांवर सांगायचं. बेरीज ० ते ७५, जास्त गुण म्हणजे जास्त धास्ती. नव्या जागी शिरताच शौचालय शोधणं, त्रासाच्या भीतीने नवा पदार्थ न चाखणं, पोटदुखी म्हणजे गंभीर आजाराची खूण वाटणं, जाग येताच आज पोट कसं राहील हा विचार... मला आयबीएस होऊन चौदा वर्षं झाली. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा डोळे भरून आले, कारण ज्याची लाज वाटत होती ते कुणीतरी आधीच प्रश्न म्हणून लिहून ठेवलं होतं!

या भीतीला वेगळं मोजायचं कारण असं: धास्तीमुळे लक्ष सतत पोटाकडे राहतं, मग साधी हालचालही दुखते, आणि दुखलं की धास्ती वाढते. पोटाच्या विकारांसाठी बेतलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार, हेच चक्र तोडायला बघते.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दाहाचे आजार असलेल्यांनाही, आजार शांत असताना, ही धास्ती असू शकते. पण तिथे त्रास वाढला तर आधी कॅलप्रोटेक्टिनसारखी (शौचाच्या नमुन्यातून आतड्याचा दाह बघणारी) तपासणी, प्रश्नावली नंतर. रक्त पडणं, वजन उतरणं, रात्री जुलाबाने जाग येणं, यांना चिंता समजून थांबू नका.

व्हीएसआयने निदान होत नाही आणि माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमचाच आजचा आणि तीन महिन्यांनंतरचा ताडून बघा. बेरजेपेक्षा मी तर म्हणेन, ज्या विधानांना तुम्ही ‘पूर्ण सहमत’ म्हणाल त्यांवर खूण करून तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. मला तोंडाने कधीच सांगता आलं नव्हतं.